बुर्गी ताईची चार दिवसांची सुट्टी

आमच्या बुर्गी ताईला सुट्टीवर न्यायचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. अकरा वर्षं मी आखणी करतेय. चार दिवस, पाच तळी, सायकली, वाटेत मनसोक्त पोहणं, एक रात्र डोंगरावरच्या लाकडी खोपीत आणि शेवटी सायकलींसकट बोटीतून परत. नकाशावर पेन्सिल फिरवून फिरवून त्याच्या घड्या फाटल्या, मी चिकटपट्ट्या लावल्या. आणि दर वर्षी ताईचं काहीतरी निघतंच. एकदा गाय व्यायली. एकदा गवत भिजलं. एकदा तर म्हणे धुराडं साफ करणारा यायचा होता. धुराडं साफ करणाऱ्यासाठी कोण सुट्टी सोडतं, तुम्हीच सांगा.

मी पोल्डी, तिची धाकटी बहीण. साल्झबर्गच्या पोस्टात खिडकीमागे चौतीस वर्षं बसले, आता निवृत्त झालेय. माहेर इकडे साल्झकामरगुटात, म्हणजे डोंगर-तळ्यांच्या मुलखात, तळ्याकाठी, तेवीस गुरांचं. बाबा गेले तेव्हा ताई बावीसची आणि मी एकोणीसची. एकीला घरी राहणं भाग होतं. ताई म्हणाली, "तू जा शहरात. तुला शेणाचा वास सहन होत नाही." तो वास मला आवडायचा, आणि हे तिलाही चांगलं माहीत होतं. तरी मी गेले. तेव्हापासून घर आणि वरचं कुरण सोडून ती कुठे एक रात्र झोपलेली नाही, आणि मी सिसिलीपर्यंत भटकून आले. हे मला टोचतं. यंदा तिला पासष्ट पूर्ण झाली. यंदा नाही तर कधीच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

ऑगस्टमध्ये तिच्या स्वयंपाकघरात जाऊन मी टेबलावर नकाशा पसरला. ताई बटाटे सोलत होती.

"पहिल्या दिवशी कुठं?" तिने मान वर न करता विचारलं.

"फाटकातून निघून उजवीकडे. खिंडीतून पलीकडच्या तळ्यावर. तिथे पोहायचं, जर्दाळू भरलेले गोळे खायचे."

"गोळे मी इथं करते की."

"आणि पोहणं?"

"आमच्या तळ्यात काय ताक आहे?"

तिचा मुलगा किलियन दारात बूट काढत होता. तिशीचा गडी, सगळं शेत तोच बघतो, पण ताईच्या लेखी अजून शेंबडा. तो म्हणाला, "मावशी, तिला पोत्यात घाल आणि ने. पोतं मी देतो."

"तू गप. धारा काढताना झोप लागते तुला."

"आई, एकदा लागली होती. बारा वर्षांचा होतो मी."

मी हटले नाही. तीन दिवस मुक्काम ठोकला, उठता-बसता तेच. शेवटी तिने सुरी खाली ठेवली. "बरं बाई. यंदा तेवीसच्या तेवीस जनावरं मुकुट घालून उतरली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी येते. शब्द दिला."

हा शब्द साधा नव्हता. सप्टेंबरात गुरं वरच्या कुरणावरून खाली येतात. उन्हाळाभर एकही दगावलं नसेल, तरच त्यांच्या कपाळावर फर झाडाच्या फांद्यांचे आणि कागदी फुलांचे मुकुट चढतात. एक जरी गेलं, तरी सगळा कळप बोडक्या कपाळाने गुपचूप घरी येतो. आणि ज्या घरची गुरं बोडकी उतरली, त्या घरची बाई सायकल घेऊन मजा मारायला जात नाही. हे मलाही मान्य होतं.

पण माझा उतावळा स्वभाव. मी खोल्या राखून टाकल्या. गुरं शनिवारी उतरायची होती, तर बुधवारीच भाड्याच्या दोन बॅटरीच्या सायकली अंगणात आणून उभ्या केल्या. ताईने त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही सायकल नाही, मिक्सर आहे." त्याने माझा उत्साह थोडाच कमी होणार. मी बसले आणि कळपाच्या पुढे चालणाऱ्या गायीचा मुकुट बांधायला घेतला, लाल-पिवळी फुलं, मधे आरसा.

ताई गोठ्यातून आली आणि जागीच थबकली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आई काय सांगून गेली? शेवटची मोजदाद होईपर्यंत फुलाला हात लावायचा नाही."

"अगं, तीनच दिवस राहिलेत."

"म्हणूनच."

आणि गुरुवारी दुपारी वरून किलियनचा फोन आला. बावीसच भरत होती. मीर्ली नावाची कालवड कुठेच नव्हती.

ताईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने तो मुकुट उचलला, कपाटावर ठेवला आणि धारांच्या चरव्या घासायला गेली. मुकुट बांधला म्हणून कुठं कालवड हरवते का, हे मला कळतं हो. पण त्या घटकेला मीच मीर्लीला कड्यावरून ढकलल्यासारखं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळपासून किलियन आणि शेजारी घळी धुंडाळत होते. आम्ही दोघी फोनपाशी. तीन वाजता तो वाजला. पलीकडच्या तळ्यावर तंबू ठोकायचं मैदान आहे, तिथली बाई बोलत होती. गायीच्या गळ्यातल्या घंटेवर कोरलेलं आमच्या घराचं नाव तिने वाचून दाखवलं.

"तुमची गाय आमच्याकडे तंबूत आहे."

"तंबूजवळ?" ताईने विचारलं.

"तंबूत."

माझा जीव भांड्यात पडला. ही बया मीर्ली डोंगराच्या मागच्या अंगाने उतरून गेली होती. किलियनला ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन तिकडे पोचायला दोन तास तरी लागणार होते. ताईला दोन मिनिटं धीर निघेना. तिने अंगणात पाहिलं.

"हा मिक्सर चालू कसा करतात?"

मी बटण दाखवायला आणि ती सुटायला एकच गाठ पडली. अंगात ॲप्रन, पायांत गोठ्यातले रबरी बूट. मी मागे ओरडत, "ताई, हळू, अगं वळण आहे." ती कसली ऐकतेय. खिंडीच्या चढाला मी तिला गाठलं तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ती हसत होती. "पोल्डे, हा चढतो गं," ती म्हणाली, "ढकलल्यासारखा चढतो." उतारावर तिने ॲप्रन फडफडू दिला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या कालवडीची बातमी देत गेली. मी इतकी हसले की दोनदा थांबावं लागलं.

मीर्ली एका व्हिएन्नाच्या जोडप्याचा पाव संपवून त्यांच्या सफरचंदांकडे वळली होती. ते दोघं बिचारे खूश होऊन तिचे फोटो काढत होते. ताईने सायकल गवतात टाकली, कालवडीच्या गळ्याला मिठी मारली आणि रडली. बाबा गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग नाक पुसून म्हणाली, "भवाने, घरचा चारा कडू लागला का तुला?"

ट्रॉली यायला अजून तास होता. कालवडीला झाडाला बांधलं. ताई काठावर गेली, बूट काढले, इकडे-तिकडे पाहिलं आणि परकर-पोलक्यावर सरळ पाण्यात शिरली. मी पण शिरले. पाणी इतकं गार की दात वाजले. ताई गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून वर बघत होती.

"तो कुठला डोंगर गं?"

"आपलाच. मागच्या बाजूने."

"असा आहे होय मागून," ती म्हणाली. "जन्मभर त्याचं तोंडच बघत आले."

मला राहवलं नाही. "ताई, तेव्हा मी जायला नको होतं."

"कुणीतरी जायलाच हवं होतं. मलाही जायचं होतं गं. फार जायचं होतं. पण तू धाकटी." एवढं बोलून तिने माझ्या तोंडावर पाणी उडवलं. "आता रडू नकोस. तळ्यात पाणी पुष्कळ आहे."

किलियन आला, मीर्ली परत वरच्या कुरणावर जायला ट्रॉलीत चढली. ताईने त्याला जवळ बोलावून सांगितलं, "उद्या काठी घेऊन पुढे तू चालायचं. मी मागून येते." त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे काठी ज्याच्या हातात, घर त्याचं. मग नुसती मान हलवली.

शनिवारी तेवीसच्या तेवीस उतरली. पुढे किलियन, त्याच्यामागे आरसा चमकवत मोठी गाय, मधे मीर्ली, जणू आपण काही केलंच नाही अशा थाटात. घंटांच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येईना. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. डांबरी रस्त्याला लागल्यावर ताई कळपाच्या मागून सायकलवर येत होती, गायींच्या चालीने, हेलकावे खात. बायका तिला हाका मारत होत्या, "बुर्गी, शिंगं कुठं गेली तुझ्या सायकलची?" मी आपली तिच्या मागे, माझी सायकल हातात धरून चालत.

आमचं फाटक आलं. गुरं एकेक करून आत वळली. ताईने एक पाय टेकवला आणि मोठ्याने मोजलं, अगदी शेवटच्या वासरापर्यंत. "तेवीस," ती म्हणाली. किलियन काठी घेऊन आत उभा होता. ती आता उतरेल, गोठ्यात शिरेल, म्हणून मी फाटक धरून ठेवलं.

ताईने पाय उचलला, बटण दाबलं आणि डावीकडे निघाली.

"ताई," मी ओरडले, "निघायचं उद्या आहे. खोल्या उद्यापासून आहेत. आणि आपल्याला उजवीकडे जायचंय."

"उजवीकडचं बघून झालं," तिने वळूनही न बघता सांगितलं.

मी फाटक किलियनच्या हातात दिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी टांग मारली.