दोरीपलीकडचा सिनेमा

सदुसष्ट साल. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, आणि बोईसरला तंबूचा सिनेमा आला होता. आमचे हे, भगवंतराव, बांधकामावर फिटर. विषमज्वरात दोन्ही कान गेले, त्याला सात महिने झाले होते. माझे तेवढे ओठ वाचायला शिकले, तेही उजेडात. पूर्वी सिनेमाचं एवढं वेड, की परत आल्यावर अख्ख्या चाळीला गोष्ट सांगायचे. आता कुणी हसलं की यांना वाटायचं, आपल्यालाच हसतात. घराबाहेर पडेनात. मीच हट्टानं ओढून आणलं.

"आज कळलं नाही, तर पुन्हा बाहेर न्यायचं नाव काढायचं नाही," म्हणाले.

तंबूत मधोमध दोरी. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना दिवा लागायचा. तेवढ्यात मी दोरीशी जाऊन यांना भराभर सांगायची. दोन रिळं निभावली. तिसऱ्याला मशीनवाल्या मेल्यानं रीळ चटकन चढवलं, नि माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं. अंधार! पडद्यावर काहीतरी झालं, सगळा तंबू खदखदून हसला. हे उठले. चपला घालून निघालेच.

मग कसली दोरी नि कसलं काय! मी वाकून पलीकडे गेले, हात धरून यांना खाली बसवलं. "बाई पुरुषांत!" "ए, खाली बसा!" एकच गिल्ला. दारावरचा झिपरू बॅटरी घेऊन धावत आला. उजेड थेट माझ्या तोंडावर.

"बाय, बायांत जा. इथं नाय बसायचं."

"नाही जात! यांना ऐकू येत नाही. काय करायचं ते कर."

यांनी झटकन झिपरूचं मनगट धरलं. म्हटलं, आता मारामारी. पण यांनी बॅटरी जराही हलू दिली नाही.

"अशीच धर," हे केवढ्यांदा बोलले, यांना कुठलं कळायला! "हिचं तोंड दिसतंय मला."

झिपरूनं माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं.

"सांग बाय," म्हणाला, नि तिथंच उकिडवा बसला. बॅटरी तशीच.

मी सांगितलं, सासऱ्यानं चोर समजून कणगीत कोंडलाय तो त्याचाच जावई. हे हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच, पोट धरधरून. लोकांनी वळून पाहिलं, आणि यांच्याबरोबर पुन्हा हसले. मला रडू आवरेना.

"अगं, रडतेस काय?" हे ओरडले. "ओठ वाकडे होतात, काही कळत नाही. पुढं सांग!"