कोंबडीचं भ्या

कापणीचा सण उद्यावर आला आणि कृपादान पाळकांना एका जागी बसवेना. घरातून चर्चात, चर्चातून घरात, तिथून उगाच विहिरीपर्यंत. उपदेश लिहायचा सोडून माणूस येरझाऱ्या घालत होता, आणि कशापायी? तर कोंबडीपायी! हसू नका. जामखेडच्या वाटेवर लांडगा आडवा आला तरी सायकलवरून न उतरणारा हा गडी. पण पंखांची फडफड कानावर आली की हातपाय गार, छातीत धडधड, सदरा घामानं ओला. लहानपणापासूनचं हे. कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

या सणाला लोक घरचं पहिलं फळ देवाला आणतात. कुणी ज्वारी, कुणी अंडी, कुणी कोंबडी. पाळकानं ते हातात घेऊन वेदीपुढं ठेवायचं. गेल्या वर्षी, लढाईच्या महागाईत, चांगुणाबाईनं आपली एकुलती एक कोंबडी आणली. मोलमजुरी करणारी विधवा बाई. पाळकांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, खाली ठेवा.

झालं! पाळकांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, चांगुणाबाईचे महारवाड्यातले. गावानं काय समजायचं ते समजलं. तेव्हापासून चांगुणाबाई चर्चातल्या प्रभुभोजनाच्या विधीला येईना. आणि पाळक गप्प! बाईच्या काळजाला डाग बसला तरी चालेल, पण कोंबडीला भितो म्हणून लोक हसायला नकोत. आता याला काय म्हणावं?

शेवटी दुपारी ते तडक तिच्या दारात गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. चांगुणाबाईनं ऐकून घेतलं. कोंबडीला भेणारा बाप्या तिनं कधी पाहिला नव्हता. दुसरं काहीतरी सांगा, म्हणाली. आणि डालग्याखालची कोंबडी काढून सरळ त्यांच्यापुढं धरली.

पाळक भिंतीला टेकले. तोंड पांढरंफटक पडलं. पळावंसं वाटत होतं, पण आता पळालो तर ही बाई कायमची गेली, हेही कळत होतं. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला. बोट पिसाला लागलं मात्र, ते मटकन खाली बसले.

असं सोंग कुणाला आणता येत नाही. चांगुणाबाईनं कोंबडी पदराखाली घेतली, त्यांना तांब्या दिला. ते घटाघटा प्यायले. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"मंग वरीसभर मला का जाळलं, सायेब?"

लोक हसतील म्हणून, पाळक म्हणाले. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली.

मग दिवस कलेपर्यंत तिची शाळा चालली. आधी लांबून बघायचं. मग कोंबडीचं डोकं पदरानं झाकून पाठीवर एक बोट, मग तळवा. छाती धडधडली तरी हात काढायचा नाही. भ्या चढतं तसं उतरतं बी, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, थोडं उतरलं. फडफड मात्र सोसवेना.

"उद्या कोंबडी मी धरीन," ती म्हणाली. "तुमी माझ्या हातावर हात ठिवा."

रविवारी चर्च गच्च भरलं. पाळकांनी आधी सगळ्यांसमोर आपली भीती सांगितली. लोक खो खो हसले. पाळकांचे कान लाल झाले. चांगुणाबाई पुढं आली. त्यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले, तेवढ्यात कोंबडीनं पंख झाडले. हसणं थांबलं. पाळक डोळे गच्च मिटून थरथर कापत होते, पण त्यांनी हात काढले नाहीत.