शून्य पॉइंट तीन

सहावा थेंब पडला आणि ताईंनी सवयीने ब्युरेटची तोटी बंद केली. पण फ्लास्कमधलं पाणी हिरवंच होतं.

समोर दुसऱ्या वर्षाची बावीस मुलं वह्या उघडून उभी होती. ताईंनी नुकतंच त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "हा ब्लँक. यात सगळं आहे, फक्त माती नाही. आपण जे अ‍ॅसिड वापरतो, जे मीठ घालतो, त्यातही थोडं नत्र असतंच. ते आधी मोजायचं आणि मातीच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचं वजन करतो ना, तसंच. आता बघा, सहाव्या थेंबाला गुलाबी होईल. शून्य पॉइंट तीन."

सातवा थेंब, आठवा थेंब. मागे कुणीतरी खुसखुसलं. अठराव्या थेंबाला एकदाचं पाणी गुलाबी झालं.

पहिल्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी होती. वर्गाने तिचं नाव 'चौकशी खिडकी' पाडलं होतं, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. ती वाकून ब्युरेटवरचा आकडा वाचत म्हणाली, "ताई, हे तर पॉइंट नऊ आलं."

"ब्युरेटमध्ये हवा अडकली असेल," ताई म्हणाल्या. "तुम्ही पॉइंट तीन लिहा."

बावीस पेन्सिली खाली वाकल्या. ब्युरेटमध्ये हवा नव्हती. ताईंनी स्वतः ती भरली होती, आणि चौदा वर्षांत त्यांनी भरलेल्या ब्युरेटमध्ये कधी हवा राहिली नव्हती.

ताई या विभागात लागल्या त्या परिचर म्हणून. काचेची भांडी धुवायची, फळ्या पुसायच्या, साहेबांच्या टेबलावरचं पाणी बदलायचं. भांडी धुताधुता बघून बघून त्या शिकल्या. मग बाहेरून परीक्षा देत पदवी घेतली, आणि तीन वर्षांपूर्वी याच विभागात कृषी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला बसल्या. सकाळी परिचर, दुपारी विद्यार्थी, संध्याकाळी पुन्हा परिचर. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांना करून दाखवायचं कामही त्यांच्याकडेच. त्यांच्या वर्गातली मुलं त्यांच्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि ती वापरलेली भांडी अजूनही त्यांच्यासाठीच ठेवून जायची. वय झालं होतं, पाय भरून यायचे, पण आता फक्त आठ दिवस उरले होते. प्रबंध बांधून आला होता. त्यांचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख असलेले सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, त्याआधी त्यांची सही. त्याच तारखेपर्यंत तांत्रिक सहायकाच्या जागेसाठी अर्ज, सोबत प्रबंध सादर केल्याचा दाखला. अशी जागा विभागात बारा वर्षांनी निघाली होती. ती मिळाली की भांडी धुणं संपलं, एकदाचं.

मुलं गेल्यावर ताईंनी पुन्हा एक ब्लँक लावला. पॉइंट नऊ. आणखी एक लावला. पॉइंट नऊ.

मग त्यांनी रसायनांचं कपाट उघडलं. बाटली उघडली की त्या लेबलवर तारीख घालायच्या, ही त्यांची जुनी शिस्त. अ‍ॅसिडच्या नव्या खोक्यातल्या पहिल्या बाटलीवर त्यांच्याच अक्षरात तारीख होती. त्यांनी आपल्या प्रबंधाची वही काढली. शेणखत घातलेल्या वाफ्यांची माती तपासायला सुरुवात केली होती ती त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

त्या स्टुलावर बसल्या.

बिनखताच्या वाफ्यांची माती जुन्या अ‍ॅसिडने तपासली होती आणि सरासरी आली होती दोन पॉइंट चार. शेणखताच्या वाफ्यांची नव्या अ‍ॅसिडने, आणि आली होती तीन पॉइंट एक. केवढा आनंद झाला होता तेव्हा! दोन्हींतून पॉइंट तीन वजा केलं, तर शेणखताने जमिनीत नत्र वाढलं हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट. आता एकीकडून पॉइंट तीन आणि दुसरीकडून पॉइंट नऊ वजा केलं, तर उरत होता पॉइंट एकचा फरक. म्हणजे काहीच नाही. सहा प्रकरणांचा प्रबंध ज्या फरकावर उभा होता, तो जमिनीतून आलाच नव्हता. तो बाटलीतून आला होता.

आणि वहीत? शेणखताची माती तपासली त्या एकोणीस दिवसांच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'ब्लँक ०.३'. एकही दिवस ब्लँक लावला नव्हता. त्या महिन्यात सासूबाई खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होत्या. माती अ‍ॅसिडमध्ये उकळायच्या डायजेशन युनिटला सहाच भोकं. एक ब्लँकला दिलं की मातीला पाच उरायची. दीड वर्ष रोज पॉइंट तीनच येत होतं. ताईंनी सहाही भोकं मातीला दिली, कोपऱ्यात नेहमीचा आकडा लिहिला आणि चारची बस पकडली. तेव्हा ते पाप वाटलं नव्हतं. दमलेल्या माणसाला वाटत नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत कारकून. गेली तीन वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि तो डेपोतल्या फायलीसारखाच करायचा, हळू आणि कुरकुरत, पण अडवून कधी ठेवायचा नाही. त्याने गॅस बारीक केला.

"म्हणजे चुकलं काय नेमकं? मला साध्या भाषेत सांग."

"जे मोजलं नाही ते मोजलं म्हणून लिहिलं."

"कुणाला माहीत आहे?"

"मला."

"बास? मग झालं तर!" तो म्हणाला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणला. "अगं, पुन्हा कर ना माती. आठ दिवस आहेत. मी रजा टाकतो, आईकडे बघतो."

"माती नाही राहिली. तपासणी समिती येणार म्हणून मागच्या महिन्यात फळ्या आवरल्या. सगळ्या पिशव्या मीच मागच्या आवारात नेऊन ओतल्या."

"तूच?"

"मग कोण? परिचर मीच ना."

नवरा काही वेळ पातेल्यात चमचा फिरवत राहिला. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं या घरात कुणी धड झोपलेलं नाही. तू नाही, मी नाही. पोरीने परीक्षा सांभाळून तुझी दीडशे पानं टाईप केली. आणि आता तू म्हणतेस..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. ताईंनाही ते पुरं झालेलं ऐकायचं नव्हतं. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं, तेव्हा दोघंही एकदमच उठली.

सकाळी विभागात जाताना ताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. गप्प बसायचं. जगात काय काय खपतं! त्यांचा प्रबंध वाचणार कोण? कपाटात जाणार, आणि त्या कपाटाची धूळही त्याच पुसणार.

दाराशी चौकशी खिडकी उभी होती, छातीशी वही धरून.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"काल तासाला आम्ही माती लावली. तुमच्या सांगण्याप्रमाणे पॉइंट तीन वजा केलं. सगळ्यांचं नत्र भरमसाट आलंय. मुलं म्हणतात, छान, सुपीक जमीन आहे. पण मी स्वतःचा ब्लँक पण लावला होता." तिने मान खाली घातली. "पॉइंट नऊच आला. माझंच काहीतरी चुकलं असेल. तुम्ही सांगितलंय तर मी खोडून पॉइंट तीन करू का? बाकी सगळ्यांनी केलंय."

मुलीच्या हातात रबर तयार होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! मुलगी थँक्यू म्हणून निघून गेली असती.

"खोडू नको," त्या म्हणाल्या. "जे आलं ते लिही. माझं चुकलं. वर्गात सगळ्यांना सांग, ताईंचं चुकलं म्हणून."

"असं कसं सांगू मी?"

"जसं सांगितलं तसं."

सर त्यांच्या खोलीत टेबलाचे खण रिकामे करत होते. सदतीस वर्षांची कागदपत्रं जमिनीवर ढिगाने पडली होती. सर स्वतः त्या ढिगाइतकेच विस्कटलेले दिसत होते. ताईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाटली, तारीख, एकोणीस पानं.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आज ब्लँक पॉइंट नऊ येतोय ना? मग वहीत पॉइंट नऊ कर. निष्कर्ष बदल, 'लक्षणीय फरक आढळला नाही' असं लिही. तेही उत्तरच असतं. चार दिवसांत पुन्हा बांधून घे. मी सही करतो."

ताईंना हे सुचलंच नव्हतं असं नाही. सकाळी बसमध्ये सुचलं होतं, आणि तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

"सर, त्या दिवशी पॉइंट नऊ होता हे मला काय माहीत? बाटलीगणिक बदलत असेल. मी लावलाच नव्हता. एकदा न मोजता लिहिलं, आता पुन्हा न मोजताच लिहू?"

"तू कोर्टात नाहीस, ताई."

"नाही. पण वही आहे ना."

समोरच्या खुर्चीवरचे गठ्ठे सरांनी स्वतः उचलून खाली ठेवले. "बस," ते म्हणाले. चौदा वर्षांत ताई त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. पुसली मात्र रोज होती.

"जागा जाईल," सर म्हणाले.

"हो."

"नवे विभागप्रमुख तुझे मार्गदर्शक होतील. त्याला पिपेट धरायला तूच शिकवलंस."

"हो सर. अजून वाकडीच धरतात."

सर हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. "आण वही."

चुकीची नोंद कशी रद्द करायची याचा नियम विभागात सगळ्यांना पाठ होता. खोडायचं नाही, शाई फासायची नाही. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, तारीख, आणि दोघांच्या सह्या. ताई रेघ मारत गेल्या, 'ब्लँक लावला नव्हता' असं लिहीत गेल्या, आणि सर सही करत गेले. एकोणीस वेळा. नवव्या पानावर सरांनी हात झटकला. पंधराव्या पानावर ताईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी वही थोडी लांब सरकवली, पानावर पाणी पडू नये म्हणून. सरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

उठताना ताई म्हणाल्या, "तुमच्या हाताखाली पुरा व्हायला हवा होता, सर."

"मलाही तसंच वाटत होतं," सर म्हणाले आणि पुन्हा खणाकडे वळले.

घरी लेक कॉम्प्युटरपुढे बसली होती. बापाने तिला सगळं सांगून ठेवलेलं दिसत होतं, कारण तिने काही विचारलं नाही. फक्त प्रबंधाचं पहिलं पान उघडलं.

"आई, मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव काढू?"

"काढ."

"आणि आभारात आहे ते?"

"तिथे राहू दे."

लेकीने नाव काढलं, नवं घातलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. नवरा हात पुसत दारात येऊन उभा राहिला.

"वर्ष कोणतं घालू?" लेकीने विचारलं.

ताईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. वाफे पुन्हा आखायचे. खत घालायचं, पेरायचं, पीक निघायची वाट बघायची. मग माती काढायची, सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची. रोज पाच पिशव्या.

"पुढचं घाल," त्या म्हणाल्या. मग डोक्याला हात लावून थोडा वेळ बसून राहिल्या. "नाही. त्याच्या पुढचं."

लेकीने आकडा टाईप केला. नवऱ्याने तो दारातूनच वाचला, आणि ताट वाढायला आत गेला.