उलटू दे

आईला उलटी होत नव्हती, पण खोलीतले सगळे ती व्हावी म्हणून हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

"उलटू दे," ती म्हणायची. बाकीचे शब्द आजारानं नेले, हे दोनच मागे ठेवले, आणि तेही ती अशा आवाजात म्हणायची की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. लेक लगबगीनं हनुवटीखाली भांडं धरायची. आई ते ढकलून द्यायची. मग वाटायचं, कूस बदलायची असेल. लेक आणि सिस्टर मिळून तिला कुशीवर करत. आई कण्हायची आणि पुन्हा सुरू, "उलटू दे. दे ना गं."

लेक शब्दकोशाच्या कचेरीत कामाला. शब्दांची कुळी शोधण्यात तिचे केस पिकले होते. हिच्याकडे पाणी मागितलं तर आधी पाण्याची व्युत्पत्ती सांगेल आणि मग पेला शोधेल, अशी घरात तिची थट्टा व्हायची. 'उलटणे'चे अर्थ तर तिला झोपेतून उठवून विचारावेत. पालथे होणे, ओकणे, एखाद्यावर फिरणे. तिनं सगळे लावून पाहिले, आणि एकही लागू पडेना.

"ताई, बरळतेय ती," धाकटा भाऊ म्हणाला. "अर्थ काय शोधतेस? हे तुझं ऑफिस नाही."

"बरळणारं माणूस असं बघत नाही रे."

आई खरंच बघत होती. या बाईनं जन्मात लेकीकडे काही मागितलं नव्हतं. जवळ घेणं-बिणं त्या घरात नव्हतंच. आता शेवटी शेवटी ती काहीतरी मागत होती आणि लेकीला ते कळत नव्हतं. तिला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटे. डॉक्टरांच्या मागे लागून तिनंच मळमळ थांबायचं इंजेक्शन द्यायला लावलं. त्यानं आईला गुंगी आली. डोळे मिटले, आवाज बारीक झाला, मागणं मात्र थांबलं नाही.

दुपारी मावशीचा फोन आला. मावशी आईहून थोरली, गुडघ्यांनी घरात बसवलेली, कानांनी अधू.

"कशी आहे गं?"

"काही खरं नाही, मावशी. सारखी 'उलटू दे' म्हणते. उलटी तर होत नाही."

"काय म्हणते?"

लेकीनं ओरडून सांगितलं.

"मग दे की," मावशी म्हणाली.

"काय देऊ?"

"उलटू. अगं, आमची आई चुन्याच्या भट्टीवर होती. तळवे चुन्यानं खाल्लेले, नुसत्या भेगा. गालावरनं हात फिरवला की आम्हाला ओरखडे उठायचे. म्हणून ती हात उलटा करून फिरवायची, पाठीकडनं. तो उलटू. तुझी आई तर दारात आडवी पडायची. उलटू घेतल्याशिवाय तिला कामावर सोडायची नाही."

"आम्हाला कधी बोलली नाही ती."

"भट्टी ढासळली आणि आई गेली. त्यानंतर तिनं तो शब्द तोंडातनं काढला नाही. मीसुद्धा आज ऐकतेय."

म्हणजे ते नाम होतं, आणि कोशातली ही शहाणी क्रियापद धरून बसली होती. 'दे' म्हणजे 'करू दे' नव्हतं. दे म्हणजे दे. इतकं सरळ मागणं, आणि त्यावर तिनं भांडं धरलं, सुई टोचायला लावली. तिला स्वतःची शिसारी आली.

ती खाटेवर बसली. आईच्या गालाला हात लावायची तिला सवयच नव्हती. तिनं हात उलटा केला आणि बोटांची पाठ कानशिलापासून हनुवटीपर्यंत नेली. पुन्हा नेली.

"आई, हा घे उलटू. मी आहे गं. एकदा डोळे उघड, माझ्याकडे बघ."

डोळे उघडले नाहीत. कपाळावरची आठी मात्र सुटली, आणि आईनं गाल त्या हातावर दाबून धरला.

"पुरे," आई म्हणाली. आवाज लहान पोरीचा होता. "जा आता, आई. उशीर होईल तुला."

मी तुझी आई नव्हे, मी तुझी मुलगी, हे लेकीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"येते हं, बाळा," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.