तीन का चार

आकाराम वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आला, पण सगळं कानावर. कळंब्याजवळच्या एका शाळेत बँड शिकवणाऱ्याची जागा निघाली, तेव्हा लेकीनं, श्रुतीनं, चार दिवसांत मोबाइलवर बघून त्याला कागदावरचं संगीत पढवलं. जागा मिळाली तर बारमाही काम. नाहीतर लग्नसराई संपली की घरात माशा मारणं.

चाचणी म्हणजे मुलींचा एक तास घ्यायचा. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका अनुजा मॅडम वही उघडून बसल्या. आकारामनं फळ्यावर सुरांची एक ओळ लिहिली, सुरुवातीला वर तीन, खाली चार असे आकडे टाकले आणि पाठ केलेलं बोलून गेला: हा ताल तीन-चार, उभ्या रेघा ओढून घरं पाडायची आणि प्रत्येक घरात तेवढे ठोके बसवायचे.

पहिल्या बाकावरच्या तेजस्वीनं एका घरात तीन ठोके भरले, दुसऱ्यात चार, आणि अडली.

"सर, तीन का चार? एक काय ते सांगा की."

आकारामनं स्वतःही तसंच धरलं होतं: तीन-चार माणसं, तीन-चार दिवस, तसे तीन-चार ठोके, थोडं इकडंतिकडं चालतंय. एवढ्याशा गोष्टीसाठी लेकीला काय विचारायचं, म्हणून गप्प बसला होता. आता थाप मारावी तर मुली वहीत उतरवणार, खरं बोलावं तर जागा गेली. मागं मॅडम काहीतरी लिहीत होत्या.

त्यानं ट्रम्पेट उचलून फळ्यावरची चाल वाजवली आणि जोर येईल तिथं मुलींना टाळी द्यायला सांगितली. टाळी दर तीन ठोक्यांनी पडली. चारानं एकदाही नाही.

मग खालचा चार कशाला, तेजस्वी सोडेना.

भिंतीवर एक तक्ता होता: वर एक पोकळ गोल सूर, खाली त्याचेच केलेले चार काळे. आकाराम त्याच्याकडं बघतच राहिला.

"ही पुरी भाकरी, आन् हे चतकोर," तो हळू म्हणाला. "खालचा चार म्हंजे चतकोर. वरचा तीन म्हंजे असलं तुकडं किती."

मुली गेल्यावर मॅडमनी विचारलं, हे आधी ठाऊक होतं का? व्हय म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

"न्हाय. तुमच्यासमोरच कळलं."

त्यांनी वही मिटली.

"सोमवारी दहाला रुजू व्हा. पहिल्या तासाला सहा-आठ शिकवायचंय. मी बसणार आहे."

जागा मिळाली होती, आणि फाटकाबाहेर पडताच आकारामनं श्रुतीला फोन लावला: खालचा आठ म्हंजे भाकरीचा केवढा तुकडा?