जिभेवरचं माप

"वैनी, पोरीला उचला!"

काशिरामकाका फाटकातूनच ओरडले. सायकल आडवी टाकून ते लंगडत धावत आले आणि समृद्धी पायरीवरून पाण्यात उतरणार, तोच तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले. कडेला अ‍ॅसिडचे दोन रिकामे कॅन पडले होते. पंप बंद होता.

"ह्या कोनी ओतला?"

"मी," केतन म्हणाला. माझा नवरा. "पाणी बघ कसलं गढूळ झालंय. अकराला खांदा कॉलनीतून पोरं येतायत, बर्थडे आहे तिचा, आणि तुझा पत्ता नाही."

"शेट, पान्यात मिसलून कप-कप टाकतात, पंप चालू ठेवून. ह्या सगला खाली बसलाय, पायरीपाशी. पोरीची कातडी जाईल."

"मला शिकवतो? हो बाजूला."

काका हलले नाहीत.

आमच्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव खाऱ्या पाण्याचा. पाण्यात मीठ टाकायचं, त्या मिठातून यंत्र क्लोरीन बनवतं, आणि पाण्याचा तोल जायला लागला की थोडंसं अ‍ॅसिड. हे मला तलाव सांभाळणाऱ्या काकांनीच शिकवलं. मी बाळंतीण होते, समृद्धीला मांडीवर घेऊन उन्हाला कट्ट्यावर बसायची, तेव्हा ते काम करता करता बोलत. यंत्रावर मिठाचा आकडा दिसतो, तरी ते रोज बोट बुडवून जिभेला लावत. उरणकडच्या मिठागरात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता तिथे कंटेनर उभे असतात. "दर्याचा पानी जीभ भाजतो," ते म्हणायचे. "ह्या पानी डोल्यातल्या पान्याहून कमी खारा पायजे. तेच्यावर गेला का समजायचा, मीठ जास्ती झाला."

वाफ्यात मीठ धरत असताना कुणी पाय टाकायचा नाही, हा मिठागराचा नियम. सात वर्षांचे असताना काकांनी तो मोडला. बापाने हातातल्या फळीने घोटाच फोडला त्यांचा. हे सांगताना ते हसले होते. मला हसू आलं नाही, ते बघून म्हणाले, "नियम बराबर व्हता, वैनी. मार बराबर नव्हता."

केतनची पहिली थप्पड बसली तेव्हा काकांची टोपी उडाली.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पण एवढा मोठा असतो, हे बाहेरून ऐकताना पहिल्यांदाच कळलं.

"हो बाजूला, म्हाताऱ्या!"

"मारा शेट. पन पोरीला सोरनार नाय."

दुसरा फटका मुठीचा होता. ओठ फाटला, दातांतून रक्त आलं. काकांनी पायरीच्या दांडीला धरलं. तिसऱ्या वेळी केतनने लाथ घातली, तीही नेमकी त्या घोट्यावर. काका गुडघ्यावर कोसळले आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला.

त्यांनी झटकन हात बाहेर काढला. बघता बघता तो लाल झाला, कुणी उकळतं ओतल्यासारखा.

समृद्धी माझ्या कमरेला बिलगली होती. मी तिला कट्ट्यावर बसवलं, बागेचा पाइप ओढला आणि काकांच्या हातावर गोड्या पाण्याची धार धरली. केतन त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने कॅन लाथेने उडवला.

"पोरांना हॉटेलात नेतो. हिला तयार कर. आणि हा उद्यापासून इथे दिसला नाही पाहिजे."

"ती येणार नाही," मी म्हणाले.

त्याचा हात वर गेला. समृद्धी बघत होती. मीही बघत होते, नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत.

"रात्री बघतो तुला," तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

"दवाखान्यात चला," मी काकांना म्हटलं.

"पानी असा सोरून जाता येत नाय."

त्यांनी पंप लावला. पाणी फिरलं तसा थोडा थोडा सोडा टाकला, तासातासाने अ‍ॅसिड तपासायची पट्टी बुडवून रंग पाहिला. त्यांच्या हाताला मी ओला पंचा गुंडाळला होता. मधल्या वेळात समृद्धीने केकचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उजव्या गालाने हळूहळू चावला.

चार वाजता पट्टीचा रंग हवा तसा आला. काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं. थांबले. पुन्हा लावलं.

"आज नाय कलत, वैनी. तोंडात रगत हाय. सगला खाराच लागतो." मग म्हणाले, "तुमी बघा."

मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं.

"कमी आहे."

"कशाहून?"

"डोळ्यातल्या पाण्याहून."

ते माप मला पाठ होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"मंग बराबर हाय."

पट्ट्यांची डबी त्यांनी माझ्या हातात दिली, मापाचा कप धुऊन पालथा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. सायकल एका हाताने धरून ते फाटकाकडे निघाले.

समृद्धी पायरीवर जाऊन बसली होती. पाय पाण्यापासून वीतभर वर, अधांतरी धरलेले.

"आजोबा, आता टाकू?"

काका वळले नाहीत.

"आता आयेला इचारायचा, बाय."