पापडाची साक्ष

पोळा तोंडावर आला होता आणि झड अशी लागली होती, की नंदनवन वस्तीतल्या म्हशींच्या पाठीवर शेवाळ धरलं होतं. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

देवराव ठवकरांना घोर होता तो वह्यांचा. झाडीपट्टीत गावोगाव पायपीट करून त्यांनी दंडारीच्या, म्हणजे तिथल्या लोकनाट्याच्या, गाण्यांच्या हस्तलिखित वह्या जमवल्या होत्या. दुसरी प्रत जगात नाही. मागे एकदा अशाच झडीत घरात पेटीभर वह्यांचा लगदा झाला. शब्दकोशातून तर जिवंत बेडूक निघाला, तोही 'ढ'पर्यंतची पानं फस्त केलेला!

म्हणून धरमपेठेत जुन्या साहित्यासाठी नवी इमारत झाली, तेव्हा देवराव वह्या तिथे सोपवायच्या कागदावर सही करायला गेले ते खिशात पेन आणि हातात भाजलेला पापड घेऊन.

"काका, भिंत दुहेरी आहे, मधात पोकळी आहे," इमारत बांधणारी मोनाली म्हणाली. "यंत्रावर ओल मोजून दाखवते."

"यंत्र तुयंच, आकडाबी तुयाच. हा पापड मधल्या कपाटात ठेव. आठ दिवसांनी कडक निघाला तं वह्या तुया. सादळला तं राम राम!"

आठव्या दिवशी देवराव बायकोला, यमुताईंना, घेऊन आले. कपाटात पापडाखालचा नुसता कागद.

देवरावांनी तो उलटापालटा करून पाहिला. "उंदीर! ओल परवडली वं, उंदीर नाही. चाला घरी."

मोनालीचा चेहरा उतरला. तेवढ्यात दारावरचा पहारेकरी रोशन कान धरून पुढे आला. "काका, उंदीर नाही जी. मीच खाल्ला. काल दुपारी, चहासंगं."

देवरावांनी त्याचा दंडच पकडला. "कसा होता?"

"चांगला होता. मीठ जरा जास्त."

"मीठ बराबर होतं!" यमुताई कडाडल्या.

"मीठ राहू दे गा. वाजला का?" देवरावांनी विचारलं.

"वाजला म्हंजे? मॅडम वरून धावत आल्या."

"अगं बाई!" मोनालीनं कपाळाला हात लावला. "तो पापड होता? मले वाटलं, भिंतीले तडा गेला. सायंकाळपर्यंत तडा शोधून राहिले होते मी!"

देवरावांनी भिंतीला तळहात लावला. बाहेर झड कोसळत होती आणि भिंत वैशाखातल्या धोतरासारखी कोरडी ठणठणीत. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"पोरी, तुया हाताले जस आहे," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "आण तो सहीचा कागद."

"आता पुढच्या साली ओल पाहाले काय ठेवसान? कुरडई?" यमुताईंनी टोमणा मारलाच.

"नाही वं. पापडच. पण दोन आणू. एक भिंतीचा, एक रोशनचा."